परसबागेतील हरळी आणि लव्हाळा: उपटूनही पुन्हा उगवतात, मग करायचे काय?

परसबागेतील चिवट गवतांबद्दल बरेच प्रश्न जमले आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच आहे: खुरपणी झाली की आठ-दहा दिवस वाफा स्वच्छ दिसतो, मग पुन्हा हिरवा होतो. उत्तरे एकत्र देतो, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

या तणांचा वर दिसणारा भाग थोडा असतो. खरा साठा जमिनीखाली असतो, हरळीचा काशांमध्ये, म्हणजे मातीखालून आडव्या पसरणाऱ्या खोडांमध्ये, आणि लव्हाळ्याचा गाठींमध्ये. पान कापले की तण त्या साठ्यातून खर्च करून नवे पान काढते. ते पान मोठे झाले की खर्च भरून निघतो आणि वर शिल्लकही पडू लागते. म्हणून किती जोर लावून उपटले यापेक्षा किती दिवसांनी पुन्हा उपटले, हे पाहावे. पान साठा भरू लागण्याआधीच ते काढत राहिलात, तर सर्वात चिवट तणही थकते.

प्रश्न: सगळे गवत सारखेच दिसते. आमच्या बागेत नेमके कोणते आहे, हे कसे ओळखावे?

एक रोप मुळासकट काढून हातात घ्या. जमिनीसरशी धावणारे खोड, प्रत्येक पेऱ्याला मुळे, खाली पांढरट टोकदार काशा आणि तुऱ्याला बोटांसारखे बारीक फाटे दिसले, तर ती हरळी.

खोड चिमटीत धरून फिरवून पाहा. तीन कडा बोटाला जाणवल्या, पाने तीन दिशांना फुटलेली असली आणि मुळाच्या टोकाला काळपट गाठ लागली, तर तो लव्हाळा. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवताच्या कुळातला नाही. फवारणीच्या वेळी हा फरक फार उपयोगी पडतो, कारण फक्त गवत मारणारी औषधे लव्हाळ्यावर चालत नाहीत.

ओढल्यावर मुळांचा झुबका सगळाच हातात आला, खाली काशी नाही आणि गाठही नाही, तर ते शिप्पी, चिमणचारा यांसारखे वर्षायू, म्हणजे वर्षभरातच आयुष्य संपवणारे गवत आहे. त्याची फार चिंता करू नका. ते फक्त बियांवर जगते. तुरा येण्याआधी काढले आणि मातीवर ७ ते १० सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले, की दोन-तीन हंगामांत ते बरेच कमी होते.

प्रश्न: हरळीसाठी वाफा दोनदा खोल खणला, यंत्रानेही फिरवून घेतला. आता ती आधीपेक्षा दाट आली आहे. असे का झाले?

काशा तुटल्या आणि वाफाभर पसरल्या, म्हणून. काशीच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. दोन पेऱ्यांचा तुकडा ओल्या मातीत राहिला तरी त्यातून नवी हरळी उभी राहते. फिरत्या पात्यांचे यंत्र लांब काशीचे लहान तुकडे करते, म्हणजे एका प्रकारे ते हरळीची लागणच करते. धारदार कुदळीनेही तेच होते. हरळी असलेल्या वाफ्यात काट्याची अवजारे वापरा. माती खालून उचकटा, ढेकूळ हाताने फोडा आणि काशी टोकाला धरून अख्खी ओढून काढा. यासाठी जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली हवी. चिखलात काशी तुटते आणि कडक मातीतून ती निघतच नाही.

बहुतेक काशा वरच्या १५ सेंटिमीटर थरात असतात, भुसभुशीत जमिनीत मात्र त्या बऱ्याच खोल जातात. एका खणणीत सगळ्या निघतील ही अपेक्षा ठेवू नका. पहिल्या वेचणीनंतर वाफा रिकामा ठेवा, हलके पाणी द्या आणि फुटवे येऊ द्या. मागे राहिलेले तुकडे असे आपली जागा स्वतःच दाखवतात. पाने बोटभर झाली की पुन्हा वेचा. ही दुसरी आणि तिसरी वेचणीच खरे काम करते आणि लोक नेमकी तीच सोडून देतात, कारण पहिल्या मेहनतीनंतर वाफा साफ दिसत असतो.

हरळीचे दोन कच्चे दुवे आहेत. पहिला, तिला उन्हात उघड्यावर वाळणे सोसत नाही. कडक उन्हाळ्यात पाणी पूर्ण बंद करून माती उलथली आणि काशा वर येऊन तापत राहिल्या, तर एक-दोन आठवड्यांत त्या मरतात. मधे एक पाऊस झाला किंवा शेजारच्या वाफ्याचे पाणी झिरपले, तर मात्र त्या पुन्हा जीव धरतात.

दुसरा, तिला सावली चालत नाही. हरळी भरपूर उन्हात वाढणारी वनस्पती आहे, दाट सावलीत ती विरळ आणि लांबुडकी होत जाते. म्हणून वेचणीनंतरच्या पहिल्या हंगामात त्या जागी कांदा, लसूण, गाजर अशी जमिनीवर सावली न धरणारी पिके घेऊ नका. रताळे, भोपळा, चवळी किंवा दाट पेरलेला ताग घ्या. नुसते पीक हरळी मारणार नाही, पण वेचणीतून सुटलेल्या तुकड्यांना ते वर येऊ देत नाही.

वाफा महिना-दीड महिना रिकामा ठेवता येत असेल, तर उन्हाने माती तापवण्याची पद्धत फार चांगली आहे. गवत अगदी जमिनीलगत कापा, माती सपाट करून चांगली भिजवा आणि पारदर्शक पातळ प्लॅस्टिक तिला चिकटून अंथरा. कडा मातीत दाबा, वारा आत शिरता कामा नये. वर्षातले सर्वात तापते ४ ते ६ आठवडे ते तसेच राहू द्या. प्लॅस्टिक पारदर्शकच घ्या, कारण ऊन त्यातून आत जाते आणि उष्णता अडकते. काळे प्लॅस्टिक माती तेवढी तापवत नाही, ते प्रकाश तोडून काम करते आणि त्याला जास्त काळ लागतो. तणाच्या हद्दीपलीकडे दीड-दोन फूट प्लॅस्टिक पसरवा. कडेची माती कमी तापते आणि तिथूनच हरळी परत शिरते. सावलीतल्या किंवा ढगाळ हवेतल्या वाफ्यात ही पद्धत करू नका, वेळ वाया जाईल.

शेजारी हिरवळ किंवा बांध असेल तर हरळी तिकडून येतच राहणार. वाफ्याच्या कडेला पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी २० ते ३० सेंटिमीटर खोल गाडा आणि तिची कड मातीच्या थोडी वर ठेवा. वरून ओलांडणारे धावते खोड दर आठवड्याला कापावे लागेलच.

प्रश्न: लव्हाळ्यावर जाड पुठ्ठे आणि प्लॅस्टिक अंथरले. तो तेही फोडून वर आला. याला काही उपाय आहे का?

आहे, पण तो सावकाश गुण देणारा आहे. जगातील सर्वात त्रासदायक तणांमध्ये लव्हाळ्याचे नाव पहिले घेतले जाते, तेव्हा तुमच्या मेहनतीत काही कमी पडले असे समजू नका. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. पातळ प्लॅस्टिक तो भोसकतो आणि भिजून मऊ झालेला पुठ्ठा तर सहजच. झाकायचेच असेल तर घट्ट विणीचे, न फाटणारे जाड कापड लागते, आणि ते एक-दोन महिन्यांत काढून चालत नाही.

लव्हाळ्याच्या गाठी बारीक दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या झोपून राहतात. खुरप्याने माळ तुटली की झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणून खुरपणीनंतर लव्हाळा वाढल्यासारखा दिसतो. यात तुमचा फायदाही आहे. झोपलेल्या गाठीपर्यंत कोणताच उपाय पोचत नाही, जागी झालेली गाठ मात्र साठा खर्चू लागते. फक्त त्यानंतर हात थांबवायचा नाही.

कोंब वर आल्यापासून साधारण तीन ते सहा आठवड्यांत त्याच्या खाली नव्या गाठी धरू लागतात. त्याआधी, म्हणजे रोपाला पाच-सहा पाने होण्यापूर्वी, ते निघाले पाहिजे. वाढीच्या दिवसांत दर दहा ते चौदा दिवसांनी वाफ्यातून फिरा. नुसते पान ओढू नका, ते तुटून हातात येते आणि गाठ खाली राहते. पातळ पात्याची खुरपी रोपाच्या बाजूने खोल घालून गाठीसकट उचला. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सापडतील, काही ३० सेंटिमीटरपर्यंत असतात. खोलवरच्या निघाल्या नाहीत तरी त्यांचे कोंब वेळेवर कापत राहा. एका गाठीवर अनेक डोळे असतात, पण प्रत्येक नव्या कोंबासाठी लागणारे अन्न ती त्याच साठ्यातून देते आणि पुढचा कोंब आधीच्यापेक्षा दुबळा निघतो. पहिल्या हंगामात फरक कमी वाटेल, दुसऱ्यात ठळक दिसेल. मधे एक महिना खंड पडला, तर गाठी पुन्हा भरतात आणि आधीची मेहनत बरीचशी पुसली जाते.

माती तापवण्याचा उपाय लव्हाळ्यावर अर्धवटच चालतो, खोलवरच्या गाठी त्यातून वाचतात. सतत ओल राहणारी जागा त्याला विशेष मानवते, म्हणून गळका नळ आणि पाणी साचणारा खड्डा आधी दुरुस्त करा. पाणी साचवून त्याला कुजवण्याचा प्रयत्न करू नका, त्याच्या गाठी पाण्याखाली बराच काळ तग धरतात.

प्रश्न: एकदाच औषध मारून मोकळे होता येणार नाही का? मीठ किंवा व्हिनेगर टाकले तर?

मीठ टाकू नका, अगदी कोपऱ्यातही नाही. त्याने तणाआधी तुमची जमीन बिघडते आणि हरळी तर खारटपणा भाजीपाल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसते. व्हिनेगर पान जाळते, काशीपर्यंत पोचत नाही.

भाजीच्या वाफ्यात तणनाशक टाळावे, हे माझे स्पष्ट मत आहे. जागा लहान असते, पिके एकमेकांना खेटून असतात आणि वाऱ्याने उडालेला थोडासा फवारा टोमॅटोसारखे पीक बिघडवायला पुरतो. रिकामी जागा, कुंपणाची कड, फरशीच्या फटी अशा ठिकाणी विचार करता येईल, पण आधी दोन गोष्टी पाहा: तुमच्या भागातील नियम त्या औषधाचा घरगुती वापर करू देतात का, आणि लेबलवर त्या जागेचा व त्या तणाचा उल्लेख आहे का.

ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून काशीपर्यंत उतरते, पण पान हिरवे, वाढते आणि धुळीविना असेल तरच. सुकलेल्या किंवा नुकत्याच कापलेल्या हरळीवर ते मारणे व्यर्थ आहे. गढूळ पाण्यात ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. फवारल्यावर निदान आठवडाभर माती हलवू नका, औषध खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. बियांवर त्याचा परिणाम होत नाही. ते हिरवे काहीच सोडत नाही, म्हणून पपई, केळी आणि कोवळ्या हिरव्या खोडाच्या झाडांजवळ ते नेऊ नका. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना 'बहुधा कर्करोगकारक' गटात केली. इतर काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. तरीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांवर चष्मा आणि मुलांना व जनावरांना त्या जागेपासून दूर ठेवणे यात सूट नाही.

क्विझालोफॉप-इथाइल फक्त गवते मारते आणि रुंद पानांच्या झाडांना सहसा इजा करत नाही. लव्हाळ्यावर त्याचा उपयोग शून्य. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल वापरले जाते, पण ते मातीत काही महिने टिकून पुढच्या भाज्यांना बाधू शकते. परसबागेसाठी मी ते सुचवत नाही. आणि मात्रा वाढवून लवकर गुण येईल असे समजू नका. पान लगेच जळाले, तर औषध खाली जाण्याची वाटच बंद होते.

प्रश्न: काढलेल्या काशा आणि गाठी खताच्या खड्ड्यात टाकल्या तर कुजतील ना?

घरचा खड्डा सहसा तेवढा तापत नाही. काशा आणि गाठी त्यात जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी खताबरोबर प्रत्येक वाफ्यात पोचतात. त्या फरशीवर किंवा पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा. हरळीची काशी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. लव्हाळ्याची गाठ फोडल्यावर आतून पूर्ण कोरडी दिसली पाहिजे, तिला जास्त दिवस द्या. हिरवा पाला मात्र तुरे आलेले नसतील तर खड्ड्यात खुशाल टाका.

विकत आणलेली माती, शेणखत आणि रोपांच्या कुंड्या याही तपासून घ्या. लव्हाळा बहुतेक बागांमध्ये याच वाटेने येतो. शंका असेल तर नवी माती एका घमेल्यात ओली करून दोन-तीन आठवडे ठेवा आणि काय उगवते ते पाहून मगच वाफ्यात घाला.

प्रश्न: गुलाब आणि मोगऱ्याच्या बुंध्यात हरळी घुसली आहे. खणले तर झाडाची मुळे तुटतात.

इथे खणू नका. झाड लहान असेल तर त्याच्या विश्रांतीच्या काळात मुळासकट काढा, मुळांवरची माती पाण्याने हळूहळू धुवा, गुंतलेल्या काशा बोटांनी सोडवा आणि झाड स्वच्छ जागी लावा. मोठे झाड हलवता येत नसेल, तर बुंध्याभोवतीची हरळी दर आठवड्याला जमिनीलगत कापा आणि जाड पुठ्ठ्यावर १० ते १५ सेंटिमीटर पालापाचोळा घाला. बुंधा कुजू नये म्हणून खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा. त्या मोकळ्या जागेतून जे कोंब येतील, ते दिसतील तेव्हा हाताने काढा. हे एक पूर्ण वर्ष करावे लागते, आणि पालापाचोळा बसत गेला की वरून नवा घालावा लागतो.