गोल करणं आणि गोल करायला शिकवणं

प्रिय,

फुटबॉल खेळणं थांबवून कोचिंगकडे वळावं का, असं विचारलंयस. इतके गोल केलेत म्हणजे ते शिकवताही येतील, हे तू गृहीत धरलंयस, आणि मला काळजी तिथेच वाटते. इंग्लंडचा जुना गोल करणारा खेळाडू स्टीव्ह ब्लूमर, त्याची कारकीर्द नीट बघ.

१८९५ ते १९०७ या काळात इंग्लंडकडून २३ सामने, २८ गोल. पहिल्या दहाच्या दहा सामन्यांत त्याचा गोल आहे. तेही ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक असताना. पास सुटताना स्ट्रायकर आणि गोललाइन यांच्यात समोरच्या संघाचे किमान तीन खेळाडू लागत, नाहीतर ऑफसाइड. तिनाचे दोन झाले १९२५ मध्ये. कीपरसमोर एकटं सापडणं दुर्मीळ, संधी निमिषभराची. म्हणून ब्लूमर चेंडू थांबवत बसत नसे. आला तसा, कुठल्याही पायाने, जमिनीलगत मारायचा. उंच फटक्याला कीपरचा हात लवकर पोचतो. जमिनीलगतच्या फटक्यासाठी त्याला अख्खं अंग खाली टाकावं लागतं.

आता हेच तेरा वर्षांच्या पोराच्या पायात उतरवायचंय. ‘वर मारू नको’ असं ओरडून काही होत नाही. चेंडू वर का जातो ते बघ. बहुतेक वेळा आधाराचा पाय चेंडूच्या मागे पडलेला असतो. मग अंग मागे झुकतं आणि बूट चेंडूखाली घुसतो. आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी हवा, वीतभर अंतरावर. मारत्या पायाचा गुडघा चेंडूवर, चवडा खाली ताणलेला, घोटा घट्ट. बुटाच्या लेसचा भाग चेंडूच्या मध्यावर बसू दे.

बारा चेंडू घे. मुलाला गोलपासून १४ मीटरवर उभं कर आणि बाजूने जमिनीवरून पास दे. सहा फटके उजव्या पायाने, सहा डाव्या. दोन्ही गोलपोस्टच्या आत मीटरभरावर खुणेचा एकेक प्लास्टिकचा कोन ठेव. पोस्ट आणि कोन यांच्यामधून, गुडघ्याखालून गेला तरच गोल धर. सुरुवातीला जोर मागू नको. अशा तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौथी फेरी कितीही मागितली तरी देऊ नको. पाय दमले की अंग पुन्हा मागे जातं आणि तीच चूक अंगवळणी पडते.

ब्लूमर १९१४ च्या जुलैत, चाळिशीत, बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबचा कोच म्हणून गेला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश म्हणून तो तिथल्याच रूहलेबेनच्या कैद्यांच्या छावणीत अडकला, थेट १९१८ पर्यंत. छावणी म्हणजे रेसकोर्स. कैदी घोड्यांच्या तबेल्यांत राहायचे. तिथेही त्यांनी फुटबॉल असोसिएशन काढली, लीग चालवली. मला त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा ही वर्षं मोठी वाटतात. पुढे स्पेनमध्ये इरूनच्या रेआल उनियोन क्लबला त्याने १९२४ चा कोपा देल रे, म्हणजे तिथला राष्ट्रीय कप, जिंकून दिला: आधी बार्सिलोनाला हरवलं, मग फायनलमध्ये रेआल माद्रिदला १–०. खेळाडू म्हणून डर्बी काउंटीकडून १८९८ आणि १८९९ अशा एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय कपच्या, दोन्ही फायनल हरलेला माणूस हा.

त्याच छावणीत इंग्लंडचा आणखी एक फॉरवर्ड होता, फ्रेड पेंटलंड. त्याने पुढे अ‍ॅथलेटिक बिलबाओला १९३० आणि १९३१ ची स्पेनची लीग मिळवून दिली. स्पेनमध्ये तो पहिल्या दिवशी खेळाडूंना बुटाची लेस बांधायला शिकवायचा, असं सांगतात. सैल लेसच्या बुटात पाय सरकतो, फटका तिरका जातो. तुझ्याही सरावाची सुरुवात तिथूनच कर.

खेळणं लगेच सोडू नको. क्लबच्या अंडर-१३ मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी घे. वही ठेव. गोल किती झाले ते नको. प्रत्येक मुलाचा आधाराचा पाय कुठे पडला ते लिही, डाव्या फटक्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन ये, मग कोचिंग लायसन्सच्या कोर्सचं बोलू.