किर्लोस्कर नाटक मंडळी आणि किर्लोस्कर पंप एकाच घराण्याचे का?

धंदा म्हणून दोन्हींचा काही संबंध नाही. मूळ गाव मात्र एकच, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. साल बघितलं की गोंधळ मिटतो. नाटकवाले म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५). त्यांनी १८८० मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. ते गेले तेव्हा पंपवाल्यांचे लक्ष्मणराव (जन्म १८६९) जेमतेम सोळा वर्षांचे होते. कारखानाच काय, त्यांचं बेळगावातलं सायकलचं दुकानसुद्धा त्यानंतरचं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात! पंप वगैरे पुष्कळ नंतर आले.

आता या आडनावाच्या बाकीच्या गोष्टी कुणाच्या खात्यात टाकायच्या:

- किर्लोस्करवाडी: लक्ष्मणरावांची. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर वसवली. स्टेशनचं नावही नंतर बदललं.
- 'किर्लोस्कर' मासिक: हेही कारखान्याचंच. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झालं. नाटकाचं मासिक समजू नका.
- बालगंधर्व: हे नाटक मंडळीकडचे, १९०५ पासून. आडनाव राजहंस, पण किर्लोस्करांची आठवण निघाली की यांचं नाव येतंच.

एक मात्र आहे, गाव आणि आडनाव जुळलं म्हणून भेटेल त्या किर्लोस्करांना "तुमचे पंप छान" म्हणू नका.