वाचक विचारतात: आजोबांच्या होडीला फायबर मारू का?

प्रश्न: आजोबांनी बांधून घेतलेली लाकडी मासेमारीची होडी दोन वर्षं किनाऱ्यावर पडून आहे. फळ्यांच्या मधे नाणं जाईल एवढ्या फटी पडल्यात. घरचे म्हणतात वरून फायबर (फायबरग्लासचा थर) मारून टाक, कटकट संपेल. काय करू?

उत्तर: थांबा, घाई करू नका! फटी पडल्या म्हणजे होडी गेली असं नाही, लाकूड वाळलं की आकसतं आणि भिजलं की फुगतं, बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं. आधी टोच्याने तळ टोचून बघा, लाकूड टणक लागलं तर होडीला काही दिवस भिजवा, सुरुवातीला भसाभस पाणी आत येईल, मग नुसतं झिरपेल आणि बरीचशी गळती आपोआप थांबेल. थांबली नाही तिथे सुताचा पीळ बोथट छिन्नीने ठोकून भरायचा आणि वर लांबी (पुट्टी) लावायची, पण पीळ कचकचून ठासू नका हं, फळीला फुगायला जागा लागते, नाहीतर खिळ्यांवर ताण येतो.

फायबरचं म्हणाल तर फळ्या हलत राहतात आणि वरचा थर हलत नाही, मग मधे ओल अडकते, बाहेरून होडी चकचकीत आणि आत लाकूड कुजतंय. पावसाचं पाणीही आत साचू देऊ नका, खाऱ्यापेक्षा गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं. समुद्रात ठेवणार असाल तर तळाला रंग हवाच, कारण शिपवर्म, म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री जीव. नावात किडा असला तरी तो शिंपल्याच्या जातीचा, बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत नुसते बोगदे.

प्रश्न: ती बांधणारे कारागीर आता खूप थकलेत, कागदावर काहीच नाही. होडी जपली तर बास ना?

उत्तर: नाही हो, मला तर त्यांचीच जास्त काळजी वाटते. बऱ्याच ठिकाणी आधी फळ्या जोडून आकार घडवतात आणि मग आतून वाकडी लाकडं बसवतात, तो आकार नकाशात नाही, कारागिराच्या नजरेत असतो. वाकडं लाकूडसुद्धा सरळ फळीतून कापत नाहीत, झाडाची मुळातच वाकलेली फांदी शोधतात, कारण लाकडाच्या रेषा वळणाबरोबर गेल्या तर ते तुटत नाही.

नॉर्वे, स्वीडनसारख्या नॉर्डिक देशांची एकावर एक फळी चढवून होडी बांधायची परंपरा २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, तिथेही मान मिळाला तो होड्यांइतकाच बांधणाऱ्या हातांना. उलट ग्रीसमध्ये मासेमारी कमी करायची म्हणून युरोपियन युनियनच्या पैशातून हजारो लाकडी होड्या बुलडोझरखाली गेल्या, आणि नव्या होड्यांना मागणीच उरली नाही तर कारागीर शिकवणार कुणाला?

म्हणून दुरुस्तीला तुमच्या त्या कारागिरांनाच बोलवा, हात चालत नसतील तर खुर्ची टाकून शेजारी बसवा आणि कुणा तरुण सुताराला त्यांच्या हाताखाली द्या. मोबाईलवर शूट करा, प्रत्येक भागाचं नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आणि त्यांच्याकडे जुने लाकडी फर्मे (होडीच्या आकाराचे साचे) पडलेले असतील, ते सरपणात जायच्या आधी घरी आणा.