एथेलरेडने खंडणी दिली म्हणून इंग्लंड गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा: दहाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचा राजा एथेलरेड व्हायकिंगांना, म्हणजे स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या समुद्री लुटारूंना, पैसे चारत राहिला, त्या वासाने ते पुन्हा पुन्हा आले आणि शेवटी राज्यच गिळून बसले. मग त्याला 'अनरेडी' म्हणतात ते बरोबरच ना? आणि जोडप्रश्न, एवढी चांदी त्या काळी आणली कुठून?

आधी नावाचा घोळ निस्तरू. 'अनरेडी' म्हणजे 'तयारीत नसलेला' नव्हे. जुन्या इंग्रजीत 'एथेल' म्हणजे उमदा, थोर आणि 'रॅड' म्हणजे मसलत. राजाचं नावच 'थोर मसलत'. त्याला कुणीतरी 'अनरॅड', म्हणजे 'वाईट मसलत', असं शेपूट जोडलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, यातला प्रकार. हे टोपणनाव त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी कागदावर येतं, त्यामुळे त्याच्या प्रजेचं मत म्हणून ते धरू नये. टोमणा मात्र नेमका आहे. तो तयारीवर नाही, सल्लागारांवर आहे, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

आता चांदी. एथेलरेडचा बाप एडगर याने 973च्या सुमारास नाण्यांची घडी बसवली. देशभर एकच छाप, एका बाजूला राजाचं डोकं आणि नाव, दुसऱ्या बाजूला नाणं पाडणाऱ्याचं आणि टांकसाळीच्या गावाचं नाव. दर काही वर्षांनी छाप बदलायचा, जुनी नाणी परत घ्यायची आणि नवी द्यायची. त्या अदलाबदलीत राजाचा आणि टांकसाळवाल्याचा वाटा निघायचा. एथेलरेडच्या काळात अशा टांकसाळी साठहून अधिक गावांत चालत होत्या. नाणं एकच, चांदीची पेनी, वजन साधारण सव्वा ते पावणेदोन ग्रॅम. 240 पेन्यांचा एक पौंड. पौंड हे नाणं नव्हतं, तो हिशेबाचा आकडा होता. बरीचशी चांदी जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींतून निघून व्यापाराच्या वाटेने इंग्लंडात पोचायची. शिवाय प्रत्येक परगण्याची जमीन 'हाइड' या मापात नोंदलेली होती. मुळात एका कुटुंबाला पुरेल एवढी जमीन म्हणजे एक हाइड, पण दहाव्या शतकापर्यंत ते कर लावण्याचं एकक झालेलं होतं. हाइडमागे इतके पैसे असा हुकूम सुटला की वसुली सुरू. त्या काळी पश्चिम युरोपात दुसऱ्या कुठल्या राजाकडे इतकं चोख यंत्र नव्हतं. खंडणी देणं शक्य झालं ते राज्य दुबळं होतं म्हणून नाही, वसुली पक्की होती म्हणून.

रकमा सांगतो, पण एक सावधगिरी. हे आकडे 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या वार्षिक नोंदवहीतले आहेत. ते फुगवलेले आहेत की नाहीत यावर इतिहासकारांत चांगलाच वाद झालेला आहे. 991 मध्ये 10,000 पौंड, 994 मध्ये 16,000, 1002 मध्ये 24,000, 1007 मध्ये 36,000, 1012 मध्ये 48,000 आणि 1014 मध्ये 21,000. बेरीज 1,55,000. पहिल्याच हप्त्याच्या 24 लाख पेन्या होतात, वजनाने तीन टनांच्या वर चांदी.

एवढी रक्कम एका दमात उभी राहताना काय होतं ते एका सनदेत दिसतं. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याच्यावर कॅथेड्रल जाळण्याची धमकी आली. हाताशी रोकड नव्हती. त्याने रिझबरो इथली 30 हाइड जमीन डॉर्चेस्टरच्या बिशपच्या नावे केली आणि बदल्यात 90 पौंड चांदी आणि 200 मँकस सोनं घेतलं. मँकस म्हणजे 30 पेन्यांच्या मोलाचं सोनं. याच सिगेरिकने 991 मध्ये पहिल्या खंडणीचा सल्ला दिला होता.

मग खंडणी देणं चूकच होतं का? 991 ची परिस्थिती बघा. ऑगस्टमध्ये एसेक्समधल्या माल्डनजवळ तिथला सरदार बिर्टनॉथ लढून पडला. पूर्व किनाऱ्यावरचा सगळ्यात अनुभवी माणूस गेला आणि शत्रूची जहाजं तशीच उभी. पैसे देऊन सवड विकत घेणं हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय होता. आधीच्या शतकातल्या आल्फ्रेड राजाने 871 मध्ये व्हायकिंगांशी जो 'तह' केला, तोही पैसे मोजूनच झाला असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला मात्र 'थोर' म्हणतात, कारण मिळालेल्या सवडीत त्याने कोट उभारले.

आणि एकदा तरी एथेलरेडची ही चाल साफ यशस्वी झाली. 994 मध्ये नॉर्वेचा ओलाफ त्रिग्वासन आणि डेन्मार्कचा स्वेन मिळून 94 जहाजं घेऊन लंडनवर आले. लंडन पडलं नाही, पण दक्षिण किनारा होरपळला. एथेलरेडने 16,000 पौंड तर दिलेच, वर ओलाफला अँडोव्हरला बोलावून त्याच्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या) ख्रिस्ती विधीत स्वतः त्याचा धर्मपिता झाला आणि भेटी देऊन रवाना केलं. ओलाफ नॉर्वेला जाऊन राजा झाला आणि इंग्लंडवर पुन्हा कधी चालून आला नाही. जोडी फुटली. नुसत्या पैशाने हे झालं नसतं. पैशासोबत माणूस बांधला गेला म्हणून झालं.

पुढे हे जमेना. 1002 साल घ्या. वसंतात नॉर्मंडीच्या ड्यूकची बहीण एमा हिच्याशी लग्न, म्हणजे समुद्रापलीकडची बंदरं व्हायकिंगांना बंद व्हावीत ही सोय. तेवढी चाल शहाणपणाची. त्याच वर्षी 24,000 पौंड देऊन झाले आणि मग 13 नोव्हेंबरला, संत ब्राइसच्या दिवशी, देशातल्या सगळ्या डेन, म्हणजे मूळच्या डेन्मार्ककडच्या, लोकांना मारण्याचा हुकूम. ऑक्सफर्डमध्ये डेन जीव वाचवायला संत फ्रिड्सवाइडच्या चर्चमध्ये शिरले आणि लोकांनी चर्चच पेटवलं. हे आपल्याला कळतं ते राजाच्याच 1004 च्या सनदेतून. चर्चला नवे कागद करून देताना तो हत्येचा हुकूम लपवत नाही, उलट डेन लोकांना गव्हात उगवलेलं तण म्हणतो. हत्येच्या पुढच्याच वर्षी, 1003 मध्ये, स्वेन आला आणि एक्सिटर लुटलं गेलं.

1009 ची हकीकत मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण अख्ख्या कारकिर्दीचं दुखणं तिच्यात आहे. आदल्या वर्षी हुकूम निघाला होता: साधारण 300 हाइडांमागे एक जहाज, 8 हाइडांमागे एक शिरस्त्राण आणि एक चिलखत. देशाने ते करून दाखवलं. केंटच्या किनाऱ्यावर सँडविचला एवढी जहाजं जमली की इतकी पूर्वी कुठल्याच राजाच्या काळात जमली नव्हती, असं क्रॉनिकल म्हणतं. आणि तिथे, शत्रू दिसायच्याही आधी, राजाचा मर्जीतला सरदार एड्रिक स्ट्रेओना याचा भाऊ ब्रिह्ट्रिक याने ससेक्सच्या वुल्फनॉथवर राजाकडे आरोप केला. वुल्फनॉथ 20 जहाजं आपल्या बाजूला वळवून पळाला आणि आपल्याच दक्षिण किनाऱ्यावर लुटालूट करू लागला. ब्रिह्ट्रिक फुशारकीने 80 जहाजं घेऊन मागे लागला. वादळ झालं, जहाजं आपटून किनाऱ्याला लागली, आणि वुल्फनॉथने येऊन ती जाळली. म्हणजे शंभर जहाजं गेली आणि डेन लोकांनी बोटही लावलं नाही. बातमी आल्यावर राजा आणि सरदार घरी गेले, उरलेली जहाजं लंडनला नेली. ऑगस्टमध्ये थॉरकेल या डेन सरदाराचं मोठं सैन्य त्याच सँडविचला उतरलं, तेव्हा अडवायला कुणी नव्हतं. यावर सरकारी उपाय काय निघाला, तर मिकेलमसच्या (29 सप्टेंबर, संत मायकेलच्या) सणाआधी तीन दिवस सगळ्यांनी भाकरी, पाणी आणि पाल्यावर उपास करायचा आणि अनवाणी चर्चला जायचं.

पैसा होता, जहाजं होती, चिलखतं होती. नव्हता तो सरदारांचा एकमेकांवर आणि राजावर विश्वास.

क्रॉनिकलची तक्रार खंडणी दिल्याची आहे असं सर्रास सांगितलं जातं. 1011 ची नोंद नीट वाचा. लेखकाचं म्हणणं असं की वेळेवर खंडणीही दिली नाही आणि लढलेही नाहीत. सगळी नासधूस होऊन गेल्यावर मग तह केला. त्याचा राग उशिरावर आहे. त्याच वर्षी कँटरबरी पडलं, आर्चबिशप एल्फहेआ कैद झाला. स्वतःसाठी वेगळी खंडणी द्यायला त्याने नकार दिला, तेव्हा 19 एप्रिल 1012 रोजी ग्रिनिचला दारू प्यालेल्या सैनिकांनी त्याला हाडं आणि बैलांची डोकी फेकून मारलं आणि शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीचा घाव घातला. 48,000 पौंड मिळाल्यावर सैन्य पांगलं आणि थॉरकेल 45 जहाजांसह चक्क एथेलरेडच्या नोकरीत आला.

इथे शब्दांचा गोंधळ टाळा. सगळ्याच रकमांना 'डेनगेल्ड' म्हणायची सवय नंतरची. त्या काळी शत्रूला दिलेल्या रकमेला 'गाफोल' म्हणत. 1012 पासून थॉरकेलच्या जहाजांच्या पगारासाठी जो दरवर्षीचा कर सुरू झाला तो 'हेरेगेल्ड', म्हणजे सैन्याचा कर. तो पुढे राजा झालेल्या एडवर्ड द कन्फेसरने 1051 मध्ये बंद केला. खंडणी आणि पगार या दोन्ही रकमा एकाच रकान्यात टाकल्या की हिशेब चुकतो.

क्रॉनिकलचा हा भाग कुणी आणि कधी लिहिला, हेही लक्षात ठेवा. 983 ते 1016 च्या नोंदी बऱ्याच अंशी एकाच माणसाच्या हातच्या आहेत, आणि त्या वर्षाच्या वर्षाला नव्हे, सगळं संपल्यावर लिहिलेल्या. एल्फहेआचे अवशेष लंडनमध्ये चमत्कार करतात असं तो लिहितो. ते अवशेष 1023 मध्ये कँटरबरीला हलवले. म्हणजे लेखन 1016 आणि 1023 यांच्या मधलं. शेवट ठाऊक असलेला, हरलेल्या बाजूचा माणूस मागे वळून लिहितो आहे. त्याला प्रत्येक घटनेत पराभवच दिसणार.

शेवटची तीन वर्षं भरभर. 1013 मध्ये स्वेन ट्रेंट नदीवरच्या गेन्सबरोला आला, उत्तर भागाने लगेच मान तुकवली, लंडन शेवटपर्यंत अडून राहिलं, एथेलरेड नॉर्मंडीला पळाला. 3 फेब्रुवारी 1014 ला स्वेन अचानक मेला. इंग्लिश सरदारांनी एथेलरेडला परत बोलावलं, पण आधीपेक्षा न्यायाने राज्य करशील तर, अशी अट घालून. राजाने ती मान्य केली. 1015 मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत एड्रिकने उत्तरेचे दोन मोठे सरदार, सिगेफर्थ आणि मोरकार, दगा देऊन मारले, आणि राजाने एड्रिकला शिक्षा करण्याऐवजी मेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. अटीचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं. एथेलरेडचा मुलगा एडमंड याने सिगेफर्थच्या विधवेशी लग्न करून बापाविरुद्ध उत्तर भाग धरला. स्वेनचा मुलगा कनूट तेवढ्यात परत आला, आणि एड्रिक 40 जहाजं घेऊन त्याला जाऊन मिळाला. एथेलरेड 23 एप्रिल 1016 ला वारला. एडमंड जिद्दीने लढला, पण 18 ऑक्टोबरला असनडनच्या लढाईत पुन्हा आपल्या बाजूला आलेला एड्रिक ऐन वेळी पळाला. 30 नोव्हेंबरला एडमंडही गेला. पुढच्या वर्षी कनूटने एड्रिकला मारून टाकलं. दोनदा उलटलेला माणूस तिसऱ्यांदा उलटणार, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

आता सगळ्यात मोठी वसुली कुणी केली? 1018 मध्ये, स्वतः राजा झाल्यावर, कनूटने. देशाकडून 72,000 पौंड आणि एकट्या लंडनकडून 10,500. एवढ्यात त्याने आपलं सैन्य घरी पाठवलं आणि 40 जहाजं ठेवून घेतली. वापरलं ते एडगर आणि एथेलरेडचंच यंत्र. स्वीडनमध्ये यटरगेर्द इथल्या एका शिलेवर उल्फ नावाच्या माणसाची नोंद कोरली आहे: त्याने इंग्लंडात तीन वेळा 'गेल्ड', म्हणजे खंडणीतला वाटा, आपल्या म्होरक्यांकडून घेतलं, पहिलं तोस्तीने दिलं, मग थॉरकेलने, मग कनूटने. एथेलरेडच्या पेन्या आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडतात त्या अशा माणसांमुळे. त्यांतल्या पुष्कळ नाण्यांवर चांदी खरी आहे का हे बघायला सुरीच्या टोकाने मारलेले बारीक टोचे आहेत. ही नाणी तिकडे इतकी रुळली की स्वेनने स्वतःची पाडली तीसुद्धा एथेलरेडच्या छापाची नक्कल करून.

पुढे वाचणार असाल तर नावं सांभाळा. आल्फ्रेडचा थोरला भाऊही एथेलरेड (मृत्यू 871) आणि आल्फ्रेडचा मर्सियातला जावईही एथेलरेड (मृत्यू 911). ओलाफही दोन: एक आपला त्रिग्वासन, दुसरा हाराल्डसन, जो पुढे नॉर्वेचा संत झाला. सूची चाळताना सालं बघूनच पान उघडा.