यूव्ही दिव्याने जंतू नेमके मरतात कसे?

तुमचे प्रश्न दोन. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या यूव्हीच्या नळीतून ते काही सेकंदांत निघून जातं, गरमही होत नाही, मग जंतू मरतात कसे? आणि दिवा निळा दिसतोय तोवर निर्धास्त राहायचं का?

खरं सांगायचं तर बहुतेक जंतू त्या क्षणी मरतच नाहीत, त्यांचा वंश खुंटतो. नेहमीच्या दिव्यातल्या पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील (म्हणजेच यूव्ही) किरण निघतात. डीएनए सगळ्यात जास्त शोषतो ते २६० च्या आसपासचे, म्हणजे नेम जवळजवळ अचूक. डीएनएच्या साखळीत थायमिनचे दोन घटक शेजारीशेजारी असले, तर किरण शोषताच ते एकमेकांना चिकटतात. बॅगेच्या चेनचे दोन दात वितळून एक झाले की रनर तिथेच अडतो ना, तसंच. विभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल त्या गाठीशी अडते. अशा गाठी भरपूर पडल्या की जंतू जिवंत असूनही कुचकामी. पोटात गेला तरी एकाचे हजार होणार नाहीत, मग आजार कुठला?

गंमत म्हणजे काही जिवाणूंकडे या गाठी सोडवणारं विकर असतं, फोटोलायेज, आणि ते उजेडाच्या जोरावर चालतं. म्हणून यूव्हीचं पाणी झाकून ठेवा आणि लवकर संपवा. क्लोरीनसारखं पाण्यात मागे राहून राखण करणारं इथे काही नसतं. भांडं अस्वच्छ असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. चौरस सेंटीमीटरला ४० मिलिज्यूल हा सर्रास वापरला जाणारा निकष. ई. कोलाय या जिवाणूला त्याहून बरीच कमी पुरते. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही यूव्हीपुढे सहज नमतो. ॲडिनोव्हायरस मात्र चिवट, त्याला कितीतरी जास्त मात्रा लागते. गढूळ पाण्यात तर जंतू कणांच्या सावलीत लपतात, म्हणून आधी गाळण हवीच. क्षार मात्र यूव्हीने जराही कमी होत नाहीत.

आता तो निळा उजेड. २५४ चे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसतो तो पाऱ्याचा दुसरा, जंतूंच्या दृष्टीने निरुपयोगी प्रकाश. साधारण ९,००० तासांनंतर, म्हणजे सतत चालू ठेवल्यास वर्षभरात, दिवा तसाच निळा दिसतो पण अतिनील मारा बराच उतरलेला असतो.

मीही यात फसलोय. दिवा नवाकोरा होता, तरी तपासणीत जंतू निघाले. शेवटी दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी बाहेर काढली (साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झ), तर तिच्यावर क्षारांचा पांढरट, किंचित तांबूस थर. नखाने खरवडला तर खरखरीत लागला. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून मऊ फडक्याने पुसली, हाताचे ठसेही राहू दिले नाहीत, मग बसवली. पुढच्या तपासणीत पाणी स्वच्छ आलं. तुम्हीही आधी वीज बंद करून ती नळी काढून बघा. उघडा पेटता दिवा कधीच पाहू नका, डोळे भाजतात.