ऑलमन ब्रदर्स बँडचे चाहते तीच गाणी पुन्हा पुन्हा का ऐकतात?

तुमचा प्रश्न असा: सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं रॉक संगीत, वाजवणाऱ्या जुन्या बँडचे चाहते तीच ती गाणी दहा-दहा रेकॉर्डिंगमध्ये का जमवतात, वादकांच्या आजारपणाची एवढी खबर का ठेवतात, आणि निम्मे लोक वारल्यावर त्या बँडमध्ये उरतं काय? शिवाय ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करायची, हेही तुम्ही विचारलंय.

मी ऑलमन ब्रदर्स बँडची चाहती आहे आणि बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. तेव्हा उत्तर त्यांच्यावरूनच देते.

आधी 'तीच ती गाणी' याबद्दल. एकाच गायकाचा मारवा तिसऱ्यांदा ऐकायला कशाला गेलात, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. या बँडचंही तसंच आहे. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'चा मुखडा ठरलेला, दोन गिटारींनी मिळून वाजवायच्या ओळी ठरलेल्या. मधला सगळा विस्तार मात्र त्या रात्रीचा. कधी दहा-बारा मिनिटांत आटपतो, कधी त्याच्या दुप्पट चालतो. स्टुडिओत केलेली तबकडी हा त्या गाण्याचा नुसता आराखडा. गाणं स्टेजवर घडतं आणि दर वेळी नव्यानं घडतं.

हे कुठून आलं ते थोडक्यात सांगते. मार्च 1969 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये बँड जमला. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गायला आणि ऑर्गनवर, बेरी ओकली बेसवर, आणि ड्रमवर एक नव्हे तर दोघं: बुच ट्रक्स आणि जेमो. जेमो कृष्णवर्णीय, आधी ओटिस रेडिंगच्या बँडमध्ये वाजवलेला. त्यानं बाकीच्यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेनच्या तबकड्या ऐकवल्या. ब्लूजची गाणी जॅझवाल्यांच्या मोकळेपणानं फुलवायची, ही वाट तिथून निघाली. लवकरच मंडळी जॉर्जियातल्या मेकन गावी राहायला गेली. काळे-गोरे एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र वाजवतात, हे 1969 च्या जॉर्जियात सहज खपण्यासारखं नव्हतं.

मग 12 आणि 13 मार्च 1971 च्या न्यूयॉर्कमधल्या फिलमोर ईस्ट या सभागृहातल्या मैफली. निर्माता टॉम डाउड. त्याच जुलैमध्ये दुहेरी अल्बम निघाला, त्यातलं 'व्हिपिंग पोस्ट' एकटंच एक अख्खी बाजू खातं, सुमारे 23 मिनिटं. ग्रेग तेव्हा 23 वर्षांचा होता. त्या वयात एवढं दुःख त्याच्या गळ्यात कुठून आलं असेल, हे मला अजूनही उमगत नाही.

29 ऑक्टोबर 1971 ला ड्वेन मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय 24. वर्षभरानं, नोव्हेंबर 1972 मध्ये, बेरी ओकलीही मोटरसायकलच्याच अपघातात गेला, त्याच गावात, ड्वेनच्या जागेपासून जवळच. त्याचंही वय 24.

आता विचार करा. ड्वेन या बँडबरोबर जेमतेम अडीच वर्षं वाजवला. रोज वेगळं वाजवणारा माणूस आणि त्याची एवढीच वर्षं. मग त्यातली प्रत्येक रात्र मोलाची होते. 1970 चं फिलमोर ईस्ट, ज्याचं ध्वनिमुद्रण ग्रेटफुल डेड या दुसऱ्या रॉक बँडच्या ध्वनितंत्रज्ञानं करून ठेवलं होतं. सिनसिनाटीच्या लडलो गॅरेज या क्लबातली मैफल. ऑगस्ट 1971 मधलं ए अँड आर स्टुडिओतलं रेडिओवरचं वादन. हे सगळं पुढे यथावकाश बाहेर आलं आणि चाहत्यांनी घेतलं. ड्वेनची शेवटची मैफल 17 ऑक्टोबर 1971 ची, मेरीलँडमधल्या ओविंग्ज मिल्सची. ती अधिकृतपणे कुणी टेप केली नव्हती. रेडिओसाठी मुलाखत घ्यायला आलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलानं हातातल्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर ती घेतली, आणि 2020 मध्ये ती 'द फायनल नोट' म्हणून प्रसिद्ध झाली. आवाज खराब आहे. बेस कधी ऐकू येतो, कधी विरतो. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाच मिनिटांत त्या खरखरीचा विसर पडला. ड्वेनची स्लाइड, म्हणजे तारांवरून काचेची नळी सरकवत काढलेला तो सूर, त्या खरखरीतून सरळ वर येतो. बारा दिवसांनी हा माणूस नसणार, हे आपल्याला माहीत असतं, त्याला नाही. तुम्ही विचारलेल्या 'का'चं अर्धं उत्तर त्या कॅसेटमध्ये आहे.

पुढची काही वर्षं भरभर सांगते, कारण माझं मन त्यांत फारसं रमत नाही. 1973 मध्ये 'रॅम्बलिन मॅन' अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, त्याच उन्हाळ्यात वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि 'द बँड' नावाचा बँड यांच्यासोबत सुमारे सहा लाख लोकांपुढे हे वाजवले. 1976 मध्ये भांडणं आणि अमली पदार्थ यांपायी बँड मोडला. पुन्हा जमला, पुन्हा मोडला. 1989 मध्ये परत उभा राहिला तेव्हा वॉरन हेन्स हा गिटारवाला आणि ॲलन वुडी हा बेसवाला सोबत होता. खरी गोडी इथून पुन्हा सुरू होते.

ब्रॉडवेवर 74 व्या रस्त्याला बीकन थिएटर आहे, अडीच-तीन हजार माणसांचं. 1989 ते 2014 या काळात बँडनं तिथे दोनशेहून अधिक कार्यक्रम केले, बहुतेक मार्चमध्ये, ओळीनं कित्येक रात्री. आम्ही न्यू जर्सीवाले पेन स्टेशनला उतरायचो, तिथून सबवेनं 72 व्या रस्त्याला. रांगेत दरवर्षी तीच माणसं भेटायची. ओहायोहून गाडी चालवत आलेले, लेकीला घेऊन आलेले, 1971 मध्ये फिलमोरला प्रत्यक्ष हजर असलेले. कोण किती रात्री येणार, काल काय वाजलं, आज काय वाजेल, 'माउंटन जॅम' हे लांबलचक गाणं आज पूर्ण होईल की अर्ध्यावर सोडून दुसऱ्या रात्री उचलतील, अशा गप्पा. रोजची गाण्यांची यादी वेगळी, म्हणून एकच रात्र पाहून समाधान होत नसे. प्रेक्षकांनी माइक लावून टेप करायलाही बँडची परवानगी होती. पुढे 2003 पासून तर कार्यक्रम संपल्यावर दाराशीच त्या रात्रीची सीडी विकत मिळायची. 2009 मध्ये, बँडच्या चाळिसाव्या वर्षी, बुच ट्रक्सनं इंटरनेटवरून बीकनचे कार्यक्रम थेट दाखवले. त्या वर्षी एरिक क्लॅप्टन पाहुणा म्हणून आला, ज्याच्या 'लेला' अल्बमवर ड्वेननं 1970 मध्ये गिटार वाजवली होती. न्यूयॉर्कात रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. माझी एक मैत्रीण ते बघून मग ऑफिसला जायची.

इथे एक भारतीय धागा आहे, तो सांगायलाच हवा. 1999 मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स वीस वर्षांचा असताना बँडमध्ये आला. कॅलिफोर्नियात सॅन राफेलला अली अकबर खाँसाहेबांचं संगीत महाविद्यालय आहे, तिथे डेरेक शिकला आहे. नुसरत फतेह अली खाँची कव्वालीही त्यानं स्लाइड गिटारवर वाजवून रेकॉर्ड केली आहे. त्याची मींड ऐका. सुरावर जाताना तो जी वाट घेतो ती ब्लूजमध्ये सापडत नाही, आणि सरोद ऐकलेल्या कानाला ती लगेच ओळखू येते. ड्वेनच्या जागी कुणी बसूच शकत नाही असं मानणाऱ्या जुन्या लोकांनाही डेरेकनं जिंकलं.

आता आजारपणाचं. ज्या बँडची गाणी दर रात्री नव्यानं घडतात, तिथे गाणाऱ्याची तब्येत ही गाण्याचाच भाग असते. ग्रेग कित्येक वर्षं दारू आणि हेरॉइनच्या विळख्यात होता. जानेवारी 1995 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मान मिळाला तेव्हा तो इतका प्यायलेला होता की त्याला नीट बोलता येईना. त्यानं नंतर ते टीव्हीवर पाहिलं आणि दारू सोडली. पण शरीर जुना हिशेब विसरत नाही. त्याला हेपटायटिस सी झाल्याचं निदान झालं, 2008 चे बीकनचे कार्यक्रम रद्द झाले, आणि जून 2010 मध्ये जॅक्सनव्हिलच्या मेयो क्लिनिकमध्ये त्याच्यावर यकृत प्रत्यारोपण झालं. ज्या गावी बँड जमला, त्याच गावी. आम्ही त्या आठवड्यात बातम्या वाचत होतो त्या गप्पा चघळायला नव्हे. मार्च 2011 मध्ये तो बीकनच्या स्टेजवर आला तेव्हा पहिल्या ओळीला अख्खं थिएटर उभं होतं. आवाज थोडा खाली बसला होता, श्वास लहान झाला होता, म्हणून तो शब्द उशिरा टाकायचा, तालाच्या मागे रेंगाळायचा. त्यामुळे जुन्या गाण्याला असं वजन आलं जे 1971 मध्ये नव्हतं. त्याचा आजार माहीत नसता तर मला ते नुसतं थकलेपण वाटलं असतं.

मार्च 2014 मध्ये त्याला ब्राँकायटिस झाला, शेवटच्या काही रात्री पुढे ढकलल्या आणि त्या ऑक्टोबरमध्ये झाल्या. त्यातली शेवटची 28 ऑक्टोबर 2014, बँडची अखेरची. तीन भागांत वाजवता वाजवता मध्यरात्र उलटली आणि 29 तारीख लागली, ड्वेनची पुण्यतिथी. शेवटचं गाणं 'ट्रबल नो मोअर'. 1969 मध्ये या मंडळींनी एकत्र बसून सर्वांत आधी तेच वाजवून पाहिलं होतं.

चौकशीला मर्यादा असावी, हेही मी ठामपणे म्हणेन. एप्रिल 2017 मध्ये ग्रेग अखेरच्या घटका मोजतोय अशी अफवा उठली आणि आजारी माणसाला स्वतःच सांगावं लागलं की मी घरी विश्रांती घेतोय. ते फार वाईट झालं. चाहत्यांनी काळजी करावी, पण माणसाच्या उशाशी जाऊन बसू नये. यकृताचा कर्करोग परतल्याचं त्याला 2012 पासून ठाऊक होतं आणि त्यानं ते जगापासून लपवलं, हे तो गेल्यावर कळलं. रेडिएशननं स्वरतंतूंना इजा होईल म्हणून त्यानं ते नाकारलं होतं. गाता यावं म्हणून. 27 मे 2017 ला तो गेला. त्याच्या चार महिने आधी बुच ट्रक्स गेला होता. ग्रेगला मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीत ड्वेन आणि बेरीच्या जवळ पुरलं, अंत्यविधीला माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आले होते. 1976 च्या त्यांच्या निवडणुकीसाठी या बँडनं कार्यक्रम करून पैसे उभे केले होते. एलिझाबेथ रीड हे नावही डिकीला त्याच स्मशानभूमीतल्या एका दगडावर सापडलं होतं.

डिकी बेट्सला 2000 मध्ये बँडमधून काढलं, तेही फॅक्स पाठवून. ती जखम चाहत्यांत अजून ओली आहे, आणि मला स्वतःला तो निर्णय कसाही समजावला तरी पद्धत पटत नाही. 2018 मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला, त्याच वर्षी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि 18 एप्रिल 2024 ला वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो गेला. मूळ सहांपैकी आता एकटा जेमो आहे. 10 मार्च 2020 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उरलेले लोक बँडच्या पन्नाशीनिमित्त 'द ब्रदर्स' या नावानं वाजवले, तेव्हा पंचाहत्तरीचा जेमो ड्रमवर होता आणि बुचच्या जागी डेरेकचा भाऊ ड्वेन ट्रक्स. दोनच दिवसांनी कोविडमुळे ब्रॉडवेची थिएटरं बंद झाली. जुनं नाव त्यांनी लावलं नाही, ते मला योग्य वाटलं. मागे काय उरतं या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे वाजवायची ही रीत, आणि ती शिकलेली माणसं. ग्रेग, डिकी आणि बेरी यांची मुलं मिळून ऑलमन बेट्स बँड म्हणून वाजवू लागली, त्यांचीही एखादी मैफल ऐका.

सुरुवात फिलमोर ईस्टच्या 1971 च्या मूळ दुहेरी अल्बमनं करा, आणि त्यातही 'एलिझाबेथ रीड'पासून. हेडफोन लावा: एका कानात ड्वेन, दुसऱ्यात डिकी, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते वेगळं करता येतं. पहिल्या वेळी फक्त गिटारी ऐका, दुसऱ्या वेळी दोन्ही ड्रम. ते आवडलं तर 2014 मध्ये निघालेला फिलमोरचा सहा सीडींचा संच घ्या, त्यात मार्चच्या चारही मैफली आणि 27 जून 1971 ची, ते सभागृह बंद झालं त्या रात्रीची मैफल आहे. मग 2003 चा 'हिटिन द नोट', त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम, वॉरन आणि डेरेकच्या जोडीसाठी. ग्रेगच्या मृत्यूनंतर सप्टेंबर 2017 मध्ये आलेला 'सदर्न ब्लड' मात्र लगेच नको. आधी तेवीस वर्षांच्या ग्रेगचा आवाज कानात नीट बसू द्या, मग तो लावा.