चमच्यांचा आवाज

अगं,

तुझा शुक्रवारचा मेसेज रात्री दीडलाच वाचला होता, मुद्दाम उत्तर दिलं नाही. त्या वेळी लिहिलं असतं तर तुझी बाजू घेतली असती. "काका, बारमध्ये आम्ही वाजवत होतो आणि सगळे मॅच बघत होते, एक माणूस ऐकत नव्हता, मी अर्ध्या गाण्यात बेस गिटार काढून ठेवला आणि खाली उतरले." वाचून पहिल्यांदा हसू आलं, कारण हे मी पण केलंय, फक्त माझ्या वेळी मॅच नव्हती, तंदुरी चिकन होतं.

तुला माहितीय मी दिवसा फोर्टमध्ये बँकेत क्लार्क होतो. 1973 ते 79 संध्याकाळी चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात बेस वाजवायचो, नाव राहू दे. साडेआठ ते साडेअकरा, रात्रीचे 15 रुपये आणि जेवण. गिरगावच्या चाळीत हे सांगणं म्हणजे केवढी पंचाईत होती तुला कल्पना नाही. 1949 चा दारूबंदीचा कायदा होताच, प्यायला परमिट लागायचं, म्हणून तर अजून पाट्यांवर 'परमिट रूम' लिहितात. आईच्या लेखी परमिट असो नसो, मुलगा गुत्त्यात वाजवतो. शर्टाला सिगरेटचा वास यायचा म्हणून तो रात्रीच गॅलरीत वाळत टाकायचा, म्हणजे सकाळी शेजारच्यांना कळायचंच.

ड्रमर दादर पारसी कॉलनीतला, गिटारवाला वांद्र्याचा आणि सॅक्सोफोनवर अंकल. अंकल गोव्याचे, धोबीतलावला जेर महलमध्ये त्यांच्या गावची कूड, म्हणजे गावकऱ्यांची राहायची जागा, होती तिथे राहायचे, एका खोलीत दहा-बारा माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक. नोटेशन लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, कागद समोर ठेवला की वाजवायला सुरू, आणि रात्री आमच्याबरोबर. त्या काळच्या हिंदी गाण्यांतले व्हायोलिन-ट्रम्पेटचे जे तुकडे आपण गुणगुणतो ना, ते वाजवणारे कितीतरी लोक असेच गोव्याचे, नाव कुठे छापून न आलेले. मला ते लाडाने घाटी म्हणायचे आणि मी लाडानेच ऐकून घ्यायचो, बहुतेक वेळा.

आमच्याकडे सामान काय, तर अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, जो खरं म्हणजे सभेत भाषणं करायला बनवलेला. परदेशी तारा परवडायच्याच नाहीत, मग बेसच्या तारा काढायच्या, गुंडाळी करून पातेल्यात पंधरा मिनिटं उकळायच्या, हाताचं तेल आणि मळ त्या वेटोळ्यांच्या फटीत बसून आवाज मेलेला असतो तो उकळला की सुटतो, पाणी अक्षरशः चहाच्या रंगाचं होतं. लगेच कोरड्या पुसायच्या नाहीतर गंजतात. आठवडाभर नव्यासारख्या वाजतात, मग परत पातेलं. आईने शेवटी एक पातेलं कायमचं माझ्या नावावर करून टाकलं. गाणी उतरवायची तर गिटारवाला मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 16 च्या स्पीडला लावायचा, गाणं निम्म्या वेगात, एक सप्तक खाली, एकेक सूर पकडत बसायचा. तुम्ही आता फोनवर तेच करता, फक्त सुई झिजत नाही.

सांगायचं ते हे नाही. 74 साली एका शनिवारी हॉटेल खच्चून भरलेलं, एका टेबलावर वाढदिवस, कोणी आमच्याकडे ढुंकून बघेना. अंकलचा हळू गाण्याचा सोलो चाललेला आणि मला अशी काही चीड आली की मी व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. झालं काय, तर लोक अजून मोठ्याने बोलायला लागले, ड्रमरने जोर लावला, अंकलचा सॅक्स कुठे गेला कळेना, मग मी रागाने थांबलोच. गाणं तिघांनी कसंबसं संपवलं. मागे किचनच्या दाराशी अंकल एवढंच म्हणाले, "तू सजा किसको दिया? उनको, की मेरे को?"

मग त्यांनी मला शिकवलं, तेच तुला सांगतोय. म्हणाले, वाजवताना प्लेटवरच्या चमच्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर तू जोरात वाजवतोयस. आपण चढवलं की टेबलावरचा माणूस समोरच्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढवतो, मग आपण अजून, मग तो अजून, यात बँड कधीच जिंकत नाही. मला पहिले दोन महिने हळू वाजवणं जमलंच नाही, हळू वाजवलं की लय ढिली पडायची. दोन्ही एकदम सांभाळणं हेच खरं काम आहे आणि घरी हेडफोन लावून ते शिकता येत नाही, त्याला न ऐकणारी माणसंच लागतात. एका रात्री, असाच अंकलचा सोलो होता, आणि माझ्या लक्षात आलं की चमचे थांबलेत. अर्धा मिनिट असेल. मग कोणीतरी सोडा मागवला आणि परत सुरू.

हो, मोठ्या रात्री पण झाल्या, पण माझ्या वाट्याला नाही आल्या. 1972 ला कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोमध्ये लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे पेज आणि प्लांट येऊन वाजवून गेले, मी तेव्हा घरी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. मी तिथे होतो असं सांगणारे आजपर्यंत एवढे भेटलेत की ते सगळे आत मावायला वानखेडे लागलं असतं, आणि तेव्हा वानखेडे बांधलेलंही नव्हतं. 78 ला रंगभवनला जॅझ यात्रा हा जॅझचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मात्र अंकल मला ओढून घेऊन गेले, अमेरिकेचा मोठा सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स वाजवत होता आणि अंकल पूर्ण वेळ त्याच्याकडे न बघता त्याच्या बेसवाल्याकडे बोट दाखवत होते, मला.

तर पुढच्या शुक्रवारी जा. स्क्रीन बंद करायला सांगू नकोस, सिक्स बसल्यावर आरडाओरडा होईल तेव्हा ठेक्याची दोन आवर्तनं तशीच जाऊ दे. बार मालकाचं मी बघतो म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण आधी तुमच्या ड्रमरला फोन कर. गाणं त्याने एकट्याने ओढत संपवलं असणार, आणि माझ्या अंदाजाने त्याचा राग मॅच बघणाऱ्यांवर नाहीये.

काका

ता.क. जुन्या तारा फेकू नकोस, रविवारी घेऊन ये. पातेलं आहे अजून.